पाटीवरचा फ

२०१३ च्या एप्रिल महिन्यात एका दुपारी, सांगलीच्या मार्केट यार्डाजवळच्या माझ्या दोन खोल्यांच्या ऑफिसबाहेर पेंटर स्टुलावर उभा होता आणि मी खाली उभी राहून त्याच्याशी घासाघीस करत होते. पाटीवर माझ्या नावापुढे बी.कॉम., ए.सी.ए. अशी अक्षरे होती आणि त्यातल्या पहिल्या ए च्या जागी मला एफ हवे होते. नवी पाटी करायची तर खर्च वाढतो, तेव्हा आहे त्याच पाटीवर काय करता येईल, एवढाच माझा प्रश्न होता. पेंटरने पाटीकडे थोडा वेळ पाहिले आणि म्हणाला, "ताई, ए तर हायच की. फ तेवढा घुसवतो मधी." त्याने ए आणि त्यापुढचे टिंब यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून उभा असलेला एक फ रंगवला, पन्नास रुपये घेतले आणि तो निघून गेला. अशा रीतीने मी असोसिएटची फेलो झाले.

ज्यांचा या व्यवसायाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा आहे आणि तो त्या वर्षी १ जुलैला अमलात आला. आमची मंडळी अजूनही तो दिवस सी.ए. दिन म्हणून साजरा करतात. या कायद्याच्या पाचव्या कलमात सभासदांचे दोन वर्ग केले आहेत, असोसिएट आणि फेलो. परीक्षा आणि आर्टिकलशिप, म्हणजे जुन्या सी.ए.च्या हाताखालची उमेदवारी, पूर्ण करून नाव नोंदवले की माणूस असोसिएट होतो, आणि भारतात सलग पाच वर्षे प्रॅक्टिस झाली की अर्ज आणि फी भरून त्याला फेलो होता येते. नोकरी करणाऱ्या सभासदांसाठी वेगळी तरतूद आहे. फेलो होण्यासाठी ना लेखी परीक्षा, ना मुलाखत, ना प्रबंध. आमच्या सी.ए. इन्स्टिट्यूटच्या मध्यवर्ती कौन्सिलवर सभासदांच्या मतांनी जे जास्तीत जास्त ३२ जण निवडून जातात ते फेलोंमधूनच जातात, बँकांच्या ऑडिटसाठी माहिती भरताना फर्ममध्ये फेलो किती असा रकाना असतो, आणि सोयरिकीच्या बैठकीत आपले नातेवाईक ते एक अक्षर आवर्जून उच्चारतात. याखेरीज व्यवहारात फारसे काही बदलत नाही. करसल्ल्याच्या कामात ज्येष्ठता नावाची जी गोष्ट असते ती या पाच वर्षांत आपोआप अंगी येते, असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही. मी मात्र तसे समजून चालले होते.

त्या मानाने या व्यवसायात शिरण्याचा दरवाजा फार अरुंद होता. मी सी.ए.ची फायनल दिली तेव्हा आठ पेपर होते, चार-चारांचे दोन ग्रुप, प्रत्येक पेपरात किमान ४० आणि ग्रुपच्या एकूण गुणांत ५० टक्के. पहिल्या प्रयत्नात माझ्या दुसऱ्या ग्रुपचे चारही पेपरांत मी पास होते, पण एकूण बेरजेत सहा गुण कमी पडले होते. हे सहा गुण मी पुढचे सहा महिने मोजत होते. जेवताना मोजत होते, बसच्या रांगेत मोजत होते. नोव्हेंबर २००७ च्या परीक्षेत दोन्ही ग्रुप झाले. आता फायनलला सहा पेपर आहेत, तीन वर्षांची आर्टिकलशिप दोन वर्षांवर आली आहे आणि वर्षातून तीनदा परीक्षा होते. आमच्या वेळी फार कठीण होते असे म्हणण्याचा मोह प्रत्येक पिढीला होतो. मला तो होत नाही, कारण हल्लीची मुले जे जी.एस.टी. वाचतात ते आमच्या वाट्याला परीक्षेत आलेच नव्हते.

माझी एक वर्गमैत्रीण लग्नानंतर लंडनला गेली आणि तिने तिकडची चार्टर्ड टॅक्स ॲडव्हायझर ही पदवी घेतली. ती देणारी संस्था १९३० साली स्थापन झालेली आहे आणि तिचे सगळे जग करापुरतेच आहे. हिशेबतपासनिसाची पदवी निराळी, करसल्लागाराची निराळी. आपल्याकडे तसे नाही. आपल्याकडे आयकर अधिकाऱ्यासमोर करदात्याच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार सी.ए.ला आहे, वकिलाला आहे, ठरावीक अर्हता असलेल्या टॅक्स प्रॅक्टिशनरला आहे, करदात्याच्या नातेवाइकालाही आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी तर जी.डी.सी.ॲण्डए. ही सहकार आणि हिशेबाची सरकारी पदविका घेतलेली, सहकारी सोसायट्यांचे ऑडिट करता करता आयकराच्या कामात पडलेली आणि कलमे तोंडपाठ असलेली किती तरी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या पाटीवर ए नाही आणि एफही नाही, पण गावातला अडत्या जमीन घेण्याआधी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसतो. या 'आधी' शब्दापाशी मी नंतर पुन्हा येणार आहे.

माझे वडील हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. हरिपूरच्या पेवांतली हळद निघून यार्डात सौद्याला येई, तिची पट्टी करणे, हमाली, तोलाई, अडत वजा घालून शेतकऱ्याचे निव्वळ येणे काढणे आणि रात्री रोजमेळाचा ताळा जमवल्याशिवाय दुकानाचे फळकुट न लावणे, हे त्यांचे आयुष्य. ताळा चार आण्यांनी चुकला तरी ते घरी उशिरा येत. आई म्हणे, खिशातले चार आणे घाला आणि या. त्यावर ते काही बोलत नसत. मी सी.ए. झाल्याचे त्यांना कौतुक होते, पण मी नेमके काय करते हे त्यांना शेवटपर्यंत नीट समजले नसावे, कारण त्यांच्या हिशेबात व्यवहार आधी घडत असे आणि लिहिणारा मागून येत असे. घडण्यापूर्वी माणूस विचारायला येतो आणि त्याचे पैसे देतो, ही कल्पना त्यांना चमत्कारिक वाटे.

खरे सांगायचे तर पहिली काही वर्षे माझ्याकडेही कोणी घडण्यापूर्वी येत नव्हते. आमच्या धंद्यात एक क्रियापद आहे, 'बसवणे'. मार्च उलटला की माणसे पिशवीतून कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, झालंय ते झालंय, तेवढं बसवून टाका." रोखीने घेतलेले पैसे बसवायचे, मेहुण्याच्या खात्यातून आलेली रक्कम बसवायची, घराचा वाढलेला खर्च बसवायचा. भाकरी तव्यावर बसवावी तितक्या सहजपणे हा शब्द वापरला जातो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. मी काही वेळा ठाम नकार दिला, काही वेळा कायद्यात बसणारी वाट खरोखरच सापडली, आणि काही माणसे दुसरीकडे गेली. पण हे सगळे काम मागाहूनचे होते. विवरणपत्र भरणे म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचे वर्णन करणे. सल्ला देणे म्हणजे अजून न घडलेल्या गोष्टीच्या वाटेत उभे राहणे. या दोहोंतला फरक मला ज्या प्रकरणाने शिकवला ते प्रकरण पाटीवर फ चढल्यानंतर सहा महिन्यांत घडले आणि त्यात चूक माझी होती.

नदीपलीकडच्या एका गावचे एक वयस्क शेतकरी माझ्याकडे नातवाच्या शैक्षणिक कर्जाच्या कागदांसाठी येत असत. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यांचा फोन आला. एक एकराच्या आत-बाहेर असलेली जमीन विकायची होती, गिऱ्हाईक पक्के होते, ४८ लाखांचा सौदा होता, आणि यार्डात कोणी तरी सांगितले होते की शहराजवळची शेतजमीन विकली तर कर लागतो. "ताई, आपल्याला बसतोय का कर?" मी विचारले, महापालिकेच्या हद्दीपासून जमीन किती लांब? ते म्हणाले, ओढ्याला वळसा घालून जो रस्ता येतो त्याने सात किलोमीटर, थोडे जास्तच. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हटले, मग नाही लागत, सहाच्या आत असेल तरच लागतो. फोन दोन मिनिटांत संपला. त्या वेळी मी दुसऱ्या एका टॅक्स ऑडिटचे, म्हणजे आयकरासाठीच्या हिशेबतपासणीचे, काम करत होते आणि उत्तर तत्काळ आठवले याचे मला बरेच वाटले होते.

सहा हा आकडा बरोबर होता. शेतजमीन ही एरवी भांडवली मालमत्ता मानली जात नाही, पण नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या हद्दीत असेल, अथवा हद्दीपासून ठरावीक अंतराच्या आत असेल, तर ती भांडवली मालमत्ता होते आणि तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. हे अंतर शहराच्या लोकसंख्येवर ठरते. दहा हजारांहून अधिक व एक लाखापर्यंत वस्ती असेल तर दोन किलोमीटर, एक लाखाहून अधिक व दहा लाखांपर्यंत सहा, आणि त्यापुढे आठ. सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या थोडी पुढे होती, म्हणजे सहा किलोमीटर. २०१३ च्या वित्त कायद्याने ही रचना आणली तेव्हा अंतर कसे मोजायचे हेही तिथेच सांगितले होते: हवाई मार्गाने, म्हणजे सरळ रेषेत. सहा हा आकडा माझ्या लक्षात राहिला आणि हवाई हा शब्द राहिला नाही. अंतर रस्त्यानेच मोजायचे असते, असे त्यापूर्वीच्या निवाड्यांवरून डोक्यात पक्के बसले होते, आणि नवा आकडा मी त्या जुन्या पट्टीवर ठेवून मोकळी झाले होते.

ही चूक मला कोणी दाखवून दिली नाही. जुलै २०१४ मध्ये आमच्या इन्स्टिट्यूटच्या सांगली शाखेने मला एका संध्याकाळच्या व्याख्यानासाठी बोलावले. नवे फेलो झालेल्यांना अशी बोलावणी येतात. प्रॅक्टिस करणाऱ्या सभासदांना तीन वर्षांत १२० तासांचे सततचे व्यावसायिक शिक्षण पूर्ण करायचे असते आणि त्यासाठी कोणीतरी बोलावे लागते. विषय मीच निवडला होता, शेतजमीन आणि भांडवली नफा. तयारी करताना रात्री साडेदहाला मी आयकर कायद्याचे मूळ पुस्तक उघडले, कलम २ चे पोटकलम १४ वाचत खाली आले आणि त्या शब्दापाशी थांबले. नंतर संगणकावर उपग्रहाचा नकाशा काढून हद्दीपासून आबांच्या गटापर्यंत रेघ ओढली. पाच किलोमीटर आणि चारशे मीटर. मी ती रेघ पुसली आणि पुन्हा ओढली. अंतर तेवढेच भरले.

त्या रात्री मी १९४९ च्या आमच्या कायद्याची दुसरी अनुसूचीही वाचली. तिच्या पहिल्या भागातल्या सातव्या खंडात, कामात योग्य ती दक्षता न घेणे किंवा घोर निष्काळजीपणा करणे हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, असे म्हटले आहे. परीक्षेसाठी हा खंड मी पाठ केला होता. पाठ केलेले वाक्य आपल्याविषयी आहे असे कळते तेव्हा ते वाचायला फार वेळ लागतो.

सकाळी मी सरांकडे गेले. माझी आर्टिकलशिप त्यांच्याकडे झाली होती. सरांची एक सवय होती. दर वर्षी अर्थसंकल्प आला की ते कायद्याच्या पुस्तकात पेन्सिलीने बदललेल्या ओळी खोडत, समासात नवा मजकूर लिहीत आणि त्याखाली तो कोणत्या वर्षापासून लागू आहे ते लिहीत. हे सगळे छापलेले नवे पुस्तक महिन्याभरात बाजारात मिळते, मग आपण हा उद्योग का करायचा, असे मी एकदा विचारले होते, तर त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली आणि पुढचे प्रकरण मला करायला लावले. अशिलाला साधे उत्तर द्यायचे असले तरी ते पुस्तक उघडत. आम्हा आर्टिकलना वाटे की सर थकले आहेत, त्यांना आता आठवत नाही. त्या सकाळी मी त्यांना सगळे सांगितले, रेघेसकट. त्यांनी मला समजावले नाही आणि रागही धरला नाही. त्यांनी विचारले, "आज तारीख किती?" एकोणीस होती. "मग बारा दिवस आहेत. इथं काय करतेस?"

त्यांच्या बोलण्यातला मुद्दा असा होता. शेतजमीन विकून दुसरी शेतजमीन घेतली तर तेव्हाच्या कलम ५४ बी खाली नफ्याच्या त्या भागावर कर लागत नाही. अट अशी की विकलेली जमीन आधीची दोन वर्षे शेतीसाठी वापरलेली असावी आणि नवी जमीन विक्रीपासून दोन वर्षांत घ्यावी. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत जमीन घेऊन झाली नसेल, तर तेवढी रक्कम त्या मुदतीच्या आत भांडवली नफा खाते योजनेत, म्हणजे त्यासाठी नेमून दिलेल्या बँकेतल्या वेगळ्या खात्यात, भरावी लागते. मुदत ३१ जुलै होती. आबांकडे पैसे शिल्लक असतील तर अजून वाट होती.

मी त्याच दिवशी आबांच्या घरी गेले. आपल्या चुकीची कबुली द्यायला जाताना फोन करून जावे की न कळवता जावे, यावर मी वाटेत बराच विचार केला आणि शेवटी न कळवताच गेले. आबा गोठ्यात होते. चहा होईपर्यंत मी काही बोलले नाही, मग सगळे सांगितले: मी फोनवर दिलेले उत्तर चुकीचे होते, कर लागतो, आणि पूर्ण रकमेवर लागला तर तो सुमारे नऊ लाख होईल. १९८१ ची किंमत महागाईच्या निर्देशांकाने वाढवून धरली तरी वडिलोपार्जित जमिनीच्या बाबतीत ती वजावट किरकोळ असते, त्यामुळे जवळजवळ सगळी विक्रीची रक्कम म्हणजेच नफा होता. आबांनी विचारले, मोजमाप कसे चुकले. मी म्हटले, रस्त्याने नाही मोजायचे, सरळ हवेतून मोजायचे. ते काही क्षण छपराबाहेर बघत राहिले. "हवेतनं? आमी काय हवेतनं बैलगाडी न्हेतोय व्हय?" मग त्यांनी विचारले, "तुमाला कवा कळलं?" मी म्हटले, काल रात्री. "मग लगेच आलासा," एवढेच ते म्हणाले, आणि ते दोषारोप म्हणून म्हणाले की आणखी काही, हे मला त्यांच्या आवाजावरून ओळखता आले नाही.

अठ्ठेचाळीसांपैकी १८ लाख खर्च झाले होते, सोसायटीचे जुने कर्ज आणि एका नातीचे लग्न. तीस लाख ठेवीत होते. ठेव मोडणे, राष्ट्रीयीकृत बँकेत ते विशेष खाते उघडणे आणि असे खाते असते हे तिथल्या अधिकाऱ्याला पटवणे, यात नऊ दिवस गेले. मुदतीच्या आतच पैसे भरले. उरलेल्या नफ्यावर दोन लाख ऐंशी हजारांच्या आसपास कर आबांनी भरला. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचे उत्पन्न नसलेल्या निवासी नागरिकाला आगाऊ कर भरण्याची सक्ती नसते, त्यामुळे व्याज तेवढे वाचले. पुढच्या वर्षी त्यांनी पूर्वेकडे तीस लाखांची जमीन घेतली. मी त्या कामाची फी घेतली नाही, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही; दोन मिनिटांच्या फोनचीही मी फी घेतली नव्हती, आणि कदाचित म्हणूनच तो सल्ला आहे असे मला वाटले नव्हते. ऑक्टोबरातच मी पुस्तक उघडले असते, तर सोसायटीचे कर्ज थोडे थांबले असते आणि करही लागला नसता.

या प्रकरणाला एक शेपूट आहे. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी प्रत्यक्ष कर मंडळाचे १७ क्रमांकाचे परिपत्रक आले. २०१४-१५ या आकारणी वर्षापूर्वीच्या, म्हणजे मार्च २०१३ पर्यंतच्या, व्यवहारांत अंतर रस्त्यानेच मोजायचे आणि हवाई मोजणी त्या वर्षापासून पुढेच लागू होईल, हे त्यात स्पष्ट केले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याआधी तेच म्हटले होते. म्हणजे आबांचा सौदा मार्च २०१३ पर्यंत झाला असता तर मोजमाप माझ्या जुन्या पट्टीनेच झाले असते. तो झाला ऑक्टोबरात. मी ते परिपत्रक छापून घेतले, पुस्तकात त्या पानाशी ठेवले आणि समासात पेन्सिलीने तारीख लिहिली.

त्यानंतर माझे काम हळू झाले. फोनवर उत्तर देणे मी बंद केले. "मॅडम फोनवर काय सांगत न्हाईत," अशी माझी ख्याती झाली आणि त्यामुळे काही अशील गेलेही, कारण शेजारच्या गल्लीत उत्तर ताबडतोब मिळत होते. जे राहिले त्यांचे प्रश्न मात्र बदलत गेले. तासगावच्या बाजूचा एक बागायतदार बेदाण्याचा प्रश्न घेऊन आला होता. द्राक्ष विकले तर ते शेती उत्पन्न, यात वाद नाही. पण द्राक्ष डिपिंग करून, म्हणजे द्रावणात बुडवून, शेडमध्ये जाळीवर वाळवून बेदाणा केला आणि तो विकला तर? पिकवलेला माल बाजारात नेण्याजोगा करण्यासाठी शेतकरी जी प्रक्रिया सर्वसाधारणपणे करतो, तिच्यातून मिळणारे उत्पन्नही शेतीचेच, असे कायद्याची व्याख्या म्हणते. पण ताज्या द्राक्षाला स्वतःची बाजारपेठ आहे, मग वाळवणे ही ते बाजारात नेण्याजोगे करण्याची प्रक्रिया म्हणायची की नव्या मालाचे उत्पादन म्हणायचे? आणि त्याने भावाच्या बागेतली द्राक्षे विकत घेऊन त्याच शेडमध्ये वाळवली तर त्या भागाचे काय? सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली जमिनीवरच्या मूलभूत मशागतीची जी कसोटी घालून दिली, तिच्यापासून सुरुवात करून मला उत्तर लिहायला चार दिवस लागले. त्याला मी सांगितले की दोन्ही मालांचे वजन, शेड आणि वह्या वेगळ्या ठेव, शक्य तर हंगाम सुरू होण्याआधीच. त्याने ठेवल्या. जी.एस.टी.च्या बाजूने बेदाण्याचा घोळ त्यानंतरही चालू राहिला आणि शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर हा कर लागत नाही, हा खुलासा जी.एस.टी. परिषदेच्या २१ डिसेंबर २०२४ च्या जैसलमेरच्या बैठकीनंतर झाला.

सप्टेंबरविषयी लिहिले नाही तर माझ्या व्यवसायातली माणसे मला माफ करणार नाहीत. टॅक्स ऑडिटच्या अहवालांची मुदत तीस तारखेला संपते, गणपती आणि पितृपंधरवडा बहुधा त्याच्या तोंडावर येतात, आणि आयकराचे पोर्टल शेवटच्या आठवड्यात आपला स्वभाव दाखवते. आमच्या इन्स्टिट्यूटचे बोधवाक्य कठोपनिषदातले आहे, 'य एष सुप्तेषु जागर्ति', झोपलेल्यांमध्ये जो जागा असतो तो. उपनिषदकारांना परब्रह्म अभिप्रेत होते. आमच्या ऑफिसात रात्री दोन वाजता ते वाचून आर्टिकल मुले हसतात. २०१९ पासून प्रत्येक सहीला यू.डी.आय.एन., म्हणजे त्या कागदाचा अठरा अंक-अक्षरांचा ओळखक्रमांक, काढावा लागतो, आणि २०१७ पासून अहवालात चुकीची माहिती दिली तर सी.ए.लाच दहा हजारांचा दंड होऊ शकतो. सही कोणी केली हे आता यंत्रालाही समजते. फोनवर दिलेल्या उत्तराला मात्र अजून क्रमांक नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ऑफिसात छातीएवढे पाणी आले. खालच्या दोन फडताळांतल्या फायलींचा लगदा झाला. त्या आम्ही आठवडाभर गच्चीवर सुकवत होतो. पाटी बुडाली पण वाहून गेली नाही. मूळ अक्षरांचा रंग टिकला, मागून घुसवलेल्या फ चा सुटला, आणि मी पुन्हा ए.सी.ए. झाले. मी तो लगेच रंगवून घेतला; विनय आपल्या जागी ठीक आहे, पण अर्ज केलेला होता आणि फी भरलेली होती.

सर आता नाहीत. त्यांच्या कुटुंबाने मला त्यांचे आयकर कायद्याचे शेवटचे पुस्तक दिले. १९६१ चा तो कायदा १ एप्रिल २०२६ ला इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी ५३६ कलमांचा २०२५ चा कायदा आला. टॅक्स ऑडिटचे कलम चव्वेचाळीस एबी म्हटले की ज्याच्या डोळ्यांपुढे सप्टेंबरची रात्र उभी राहत असे त्याने आता त्रेसष्ट म्हणायचे. गल्लीतल्या पानवाल्यालाही माहीत असलेले करबचतीचे ऐंशी सी आता एकशे तेवीस झाले. आकारणी वर्ष गेले, फक्त कर वर्ष राहिले. माझ्याकडच्या दोन आर्टिकल मुलींना नवे आकडे माझ्याआधी पाठ झाले आहेत, आणि मी अजून जुन्या कलमाचे नाव घेऊन नवे शोधते, माहेरच्या वाटेने सासरी गेल्यासारखी.

गेल्या आठवड्यात आबांचा नातू आला. ज्याच्या शैक्षणिक कर्जाचे कागद मी केले होते तोच, आता पुण्यात नोकरीला असतो. आबा नव्वदीला टेकले आहेत, घराबाहेर पडत नाहीत. पूर्वेकडच्या त्या जमिनीला भाव आला आहे आणि त्यातली काही विकायची आहे. त्याने इसारपावती टेबलावर ठेवली. तिच्यावर रोख रुपये दोन लाख असे लिहिलेले होते आणि खाली सहीची जागा कोरी होती. जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त इसार रोखीने घेता येत नाही, हे मी त्याला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच सही नाही केली अजून. आजोबा म्हणाले, आधी ताईंकडे जा, आणि त्यांनी लगेच उत्तर दिलं तर उठून ये."

मी त्याला बसायला सांगितले, चहा मागवला, आणि नव्या कायद्याच्या अनुक्रमणिकेत भांडवली मालमत्तेची व्याख्या कोठे गेली आहे ते शोधू लागले.